कबुलीची सक्ती आणि प्युरिटन समाजाचा खरा दोष

मार्च १६४४ मध्ये बॉस्टनला मेरी लेथम नावाच्या अठरा वर्षांच्या विवाहित मुलीला फाशी दिली गेली. तिच्याबरोबर जेम्स ब्रिटन हाही फासावर गेला. गुन्हा व्यभिचाराचा. अमेरिकेतल्या इंग्रजांच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीचे पुढारी जॉन विन्थ्रॉप यांनी आपल्या रोजनिशीत तिची हकिगत लिहून ठेवली आहे. ज्याच्यावर जीव होता त्याने नाकारले, तेव्हा रागाच्या भरात ‘आता जो पहिला मागणी घालील त्याच्याशी लग्न करीन’ असा तिने पण केला आणि एका म्हाताऱ्याच्या गळ्यात माळ घातली. दोन प्रत्यक्ष साक्षीदार नसल्यामुळे काही न्यायाधीशांना पुरावा अपुरा वाटत होता, पण ज्यूरीने तिला दोषी ठरवले. मग तिने गुन्हा कबूल केला आणि आणखी बारा पुरुषांची नावे घेतली. त्यांपैकी पाच जण पकडले गेले. पाचांनीही कानांवर हात ठेवले, आणि शिक्षा झालेल्या बाईच्या शब्दापलीकडे पुरावा नाही म्हणून त्यांच्यावर पुढे काहीच करता आले नाही.

नॅथॅनिएल हॉथॉर्नची ‘द स्कार्लेट लेटर’ ही कादंबरी १८५० साली आली. तिचे कथानक घडते ते याच बॉस्टनमध्ये, १६४२ ते १६४९ या वर्षांत. म्हणजे मेरीच्या फाशीचे वर्ष कथेच्या काळातच येते. नायिका हेस्टर प्रिन हिचा नवराही तिच्याहून वयाने बराच मोठा आणि तिच्या मनाला कधी न भिडलेला. तीही व्यभिचाराच्या आरोपात दोषी ठरते, पण न्यायाधीश तिला मृत्युदंड देत नाहीत. तीन तास शिक्षेच्या चौथऱ्यावर उभे राहायचे आणि पुढे जन्मभर छातीवर लाल ‘ए’ हे अक्षर (‘अडल्टरी’ म्हणजे व्यभिचार, त्याचे इंग्रजी आद्याक्षर) वागवायचे, ही तिची शिक्षा. तान्ही मुलगी कडेवर घेऊन ती चौथऱ्यावर उभी असताना तिला पुन्हा पुन्हा एकच विचारले जाते: मुलीच्या बापाचे नाव सांग. नाव सांगितलेस आणि पश्चात्ताप केलास, तर छातीवरचे अक्षर उतरूही शकेल, असेही तिला सुचवले जाते. ती सांगत नाही. शेवटपर्यंत सांगत नाही.

हेस्टर गप्प राहिली आणि जगली. मेरीने सगळी नावे सांगितली आणि ती मेली. या दोघींना शेजारीशेजारी ठेवल्याशिवाय ती कादंबरी नीट कळत नाही आणि तो समाजही कळत नाही, असे माझे ठाम मत आहे. आपण प्युरिटनांना, म्हणजे चर्च शुद्ध करू पाहणाऱ्या आणि ही वसाहत वसवणाऱ्या त्या कडव्या इंग्रज प्रोटेस्टंटांना, ज्या दोषासाठी नावे ठेवतो तो त्यांचा मुख्य दोष नव्हता. त्यांचा मुख्य दोष वेगळाच होता, हॉथॉर्नला तो अचूक दिसला होता, आणि आपण आज त्याच दोषाकडे काणाडोळा करतो.

प्युरिटन म्हटले की जे चित्र डोळ्यांपुढे येते ते असे: काळे कपडे, आंबट चेहरे, हसण्याचे वावडे, शरीराची किळस. कुणीतरी कुठेतरी सुखात असेल या भीतीने पछाडलेली माणसे, अशी त्यांची संभावना मेंकेन या अमेरिकन पत्रकाराने केली आणि ती लोकांच्या तोंडी बसली. या चित्राला आधार अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड करणारा कायदा मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून १६८१ पर्यंत होता. पण हीच माणसे रंगीत कपडे वापरत, बिअर पीत, आणि वैवाहिक प्रेमाला ईश्वराची देणगी मानत. अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीट ही त्यांच्यातलीच कवयित्री. १६५० साली लंडनमध्ये तिचा संग्रह छापला गेला. नवऱ्यावरच्या तिच्या कविता इतक्या मोकळ्या आणि उत्कट आहेत की ‘शरीराची किळस’ हा आरोप तिथेच गळून पडतो. लग्न हा त्यांच्या लेखी संस्कार नव्हता, तो दिवाणी करार होता, आणि म्हणून त्यांच्याकडे घटस्फोटही मिळू शकत होता. १६४१ साली त्यांनी जी हक्कांची संहिता केली तिच्यात नवऱ्याने बायकोला मारू नये असे स्पष्ट कलम आहे. पाळीव जनावरांशी क्रूरपणे वागू नये असेही कलम आहे. सतराव्या शतकातली ही गोष्ट आहे, हे विसरू नये.

मग चूक कुठे होती?

१६३० साली विन्थ्रॉपबरोबर जे लोक जहाजांतून आले, त्यांची श्रद्धा अशी होती की आपण देवाशी सामुदायिक करार केला आहे. आपण टेकडीवरचे नगर आहोत आणि साऱ्या जगाचे डोळे आपल्यावर आहेत. करार पाळला तर सर्वांवर कृपा होईल, मोडला तर कोप सर्वांवर होईल. या विचारातून एक गोष्ट अटळपणे निघते. शेजाऱ्याचे पाप ही त्याची खासगी बाब उरत नाही. त्याच्या पापाने माझ्या शेतावर दुष्काळ येणार असेल, माझ्या मुलांना देवी येणार असतील, तर त्याच्या मनात काय चालले आहे हे जाणून घेण्याचा मला हक्क आहे, नव्हे, ते माझे कर्तव्यच आहे. प्रेमापोटीच मी त्याच्या दारात उभा राहणार. हा ढोंगीपणा नव्हता. ते मनापासून असे मानत होते आणि मला तेच जास्त भयंकर वाटते.

या हक्काची त्यांनी रीतसर व्यवस्था लावली. १६३१ साली ठरले की वसाहतीत मताधिकार फक्त चर्चच्या सभासदांना. पुढच्या काही वर्षांत असेही ठरले की सभासद व्हायचे तर नुसते बाप्तिस्मा आणि सदाचरण पुरे नाही. ईश्वरी कृपेने आपल्या अंतरंगात पालट कसा झाला, हे उमेदवाराने मंडळीपुढे सांगितले पाहिजे. ते पटले तर आत, नाही तर बाहेर. केंब्रिजचे पाद्री थॉमस शेपर्ड यांच्या वहीत अशी कित्येक निवेदने टिपलेली आहेत. नोकर, मोलकरणी, शेतकरी, विधवा, सगळे आपापल्या जिवाची घालमेल सांगतात. वाचताना मन हेलावते. पण त्यांच्या कळकळीमागची रचना बघा: आतल्या अनुभवाची परीक्षा बाहेरचे घेणार आणि तिच्या निकालावर नागरिकाचा दर्जा ठरणार. प्रामाणिक माणसाची इथे सर्वांत मोठी कोंडी होई. मला असा काही निश्चित अनुभव आलाच नाही, असे खरे सांगणारा बाहेर राही. दुसऱ्या पिढीत असे लोक इतके झाले की १६६२ साली धर्मसभेला मधली वाट काढावी लागली आणि अशा आईबापांच्या मुलांना बाप्तिस्मा देण्याची मुभा द्यावी लागली.

याच्या जोडीला नजर होतीच. अविवाहित माणसाने एकट्याने बिऱ्हाड करू नये, कुठल्यातरी कुटुंबाच्या देखरेखीखाली राहावे, असे नियम कनेक्टिकटसारख्या वसाहतींत होते. १६७० च्या दशकात मॅसॅच्युसेट्सने शेजारपाजारच्या घरांच्या वागण्यावर लक्ष ठेवणारे खास अधिकारी नेमले. आणि लाल अक्षराबद्दल सांगायचे तर ते हॉथॉर्नच्या कल्पनेतून आलेले नाही. व्यभिचाऱ्याच्या कपड्यांवर अक्षरे शिवण्याचा कायदा प्लिमथ वसाहतीत होता, आणि मॅसॅच्युसेट्सने १६९४ साली केलेल्या कायद्यात तर कपड्याच्या रंगाहून वेगळ्या रंगाचे, दोन इंच लांबीचे ‘ए’ हे अक्षर सदैव अंगावर वागवण्याची तरतूद होती. त्याआधी तासभर गळ्यात दोर अडकवून फाशीच्या चौथऱ्यावर बसवायचे आणि वर फटके.

हॉथॉर्न हा या समाजाचा परका टीकाकार नव्हता, तो त्यांच्या पोटचाच होता. १८०४ साली मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम या गावी जन्मला. त्याचा मूळ पुरुष विल्यम हॅथॉर्न हा क्वेकर या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या स्त्रियांना फटक्यांच्या शिक्षा देणारा न्यायाधिकारी. विल्यमचा मुलगा जॉन हॅथॉर्न १६९२ च्या सेलममधल्या चेटूक-खटल्यांतला न्यायाधीश. कादंबरीच्या प्रस्तावनेवजा प्रकरणात हॉथॉर्न या दोघांविषयी लिहितो आणि म्हणतो की त्यांचा प्रतिनिधी म्हणून मी त्यांच्या वतीने लाज माझ्या शिरावर घेतो. पूर्वजांचा अभिमान बाळगणारे लेखक पुष्कळ. पूर्वजांची लाज स्वतःहून पत्करणारे फार थोडे.

ही लाज कशाची? कादंबरीच्या सुरुवातीलाच त्याने ती नेमकी सांगितली आहे. चौथऱ्यावरच्या खोड्याचे वर्णन करताना तो थांबतो आणि निवेदक म्हणून स्वतःचे मत देतो: माणसाचा अपराध काहीही असो, लाजेने तोंड लपवू न देण्याइतका मोठा अत्याचार मानवी स्वभावावर दुसरा नाही. खोड्यात मान अडकली की चेहरा फिरवता येत नाही, झाकता येत नाही. हेस्टरची मान अडकवलेली नाही, पण तीन तास गर्दीच्या नजरेसमोर उभे राहणे तिला चुकत नाही. त्या गर्दीतल्या बायका बोलतात तेही ऐकण्यासारखे आहे. एक म्हणते, कपड्यावर कशाला, कपाळावर डाग द्यायचा होता. दुसरी म्हणते, हिने आपणा सर्वांना काळिमा फासला, हिला मरणच हवे. ‘आपणा सर्वांना’ या दोन शब्दांत तो सामुदायिक करार येतो.

आणि मग चिलिंगवर्थ. हेस्टरचा नवरा, नाव बदलून गावात राहणारा वैद्य. तरुण पाद्री डिम्सडेल हाच मुलीचा बाप असावा असा त्याला संशय येतो आणि तो त्याच्या घरात, त्याच्या आजारपणात, त्याच्या मनात शिरतो. खाणीत सोने शोधणाऱ्यासारखा तो त्या बिचाऱ्याचे अंतःकरण खणत राहतो, असे हॉथॉर्न लिहितो. गावाला तो सेवाभावी डॉक्टर वाटतो. कायद्याने त्याला कुठलाही दोष लागत नाही. तरीही जंगलात हेस्टरशी बोलताना डिम्सडेल जे म्हणतो तो मला या कादंबरीचा गाभा वाटतो: त्या म्हाताऱ्याचा सूड माझ्या पापाहून काळा आहे, कारण त्याने थंड डोक्याने एका मानवी हृदयाच्या पावित्र्याचा भंग केला. व्यभिचार, खोटे बोलणे, भेकडपणा, या सर्वांहून मोठे पाप म्हणजे दुसऱ्याचे मन त्याच्या मर्जीविरुद्ध उघडणे. प्युरिटनांच्या पापांच्या यादीत हे पाप नव्हतेच. त्यांच्या लेखी ती सेवा होती.

हॉथॉर्नने हा विषय कादंबरीच्या आधीही हाताळला होता. ‘द मिनिस्टर्स ब्लॅक व्हेल’ या कथेतला हूपर नावाचा पाद्री एक दिवस चेहऱ्यावर काळा जाळीदार कपडा ओढून प्रार्थनेला येतो. कारण सांगत नाही. प्रवचन नेहमीसारखेच सौम्य, वागणे नेहमीसारखेच प्रेमळ. तरी सारे गाव हादरते. माणूस चांगला आहे एवढे त्यांना पुरत नाही, तो दिसला पाहिजे. वाग्दत्त वधू सोडून जाते. मरणाच्या बिछान्यावर दुसरा पाद्री तो कपडा काढू पाहतो तेव्हा जीव जात असलेला हूपर दोन्ही हातांनी तो घट्ट धरून ठेवतो. ‘यंग गुडमन ब्राऊन’ या कथेत उलटी बाजू आहे. एका रात्रीत त्या तरुणाला गावातल्या सर्व सज्जनांची अंतरंगे दिसतात, किंवा दिसल्याचा भास होतो, आणि त्यानंतर जन्मभर त्याला कुणावर विश्वास ठेवता येत नाही, बायकोवरही नाही. हृदय उघडे करून घेण्याच्या हव्यासाचा शेवट कुठे होतो हे त्या छोट्या कथेत जेवढे आले आहे तेवढे मोठमोठ्या इतिहासग्रंथांत येत नाही.

प्रत्यक्षात त्या हव्यासाचा शेवट सेलममध्ये झाला. १६९२ साली १९ जणांना फाशी दिली गेली. त्यांत १४ स्त्रिया होत्या. ऐंशीच्या घरातल्या जाइल्स कोरीने खटल्याला सामोरे जायचेच नाकारले, तेव्हा अंगावर दगडांची रास रचून त्याला मारले. काही जण तुरुंगात मेले. या खटल्यांबद्दल लोकांना सर्वसाधारणपणे अंधश्रद्धा तेवढी आठवते. मला त्यांची रीत जास्त महत्त्वाची वाटते. ज्यांनी चेटूक केल्याचे कबूल केले आणि इतरांची नावे सांगितली ते वाचले. ज्यांनी ‘मी निर्दोष आहे’ असे म्हटले ते फासावर गेले. सॅम्युएल वॉर्डवेलने आधी कबुली दिली, नंतर मागे घेतली. मागे घेतल्यावर त्याला फाशी झाली. मार्गारेट जेकब्स या तरुणीने भीतीने कबुली दिली, स्वतःच्या आजोबांवर आरोप केला, आणि मग तुरुंगातून कळवले की तसे जगण्यापेक्षा शुद्ध मनाने मरणे मला पत्करेल. ती वाचली, पण आजोबा जॉर्ज जेकब्स १९ ऑगस्टला फासावर गेले. त्याच दिवशी जॉन प्रॉक्टरलाही फाशी झाली. प्रॉक्टरने जुलैमध्ये बॉस्टनच्या पाद्र्यांना तुरुंगातून पत्र लिहिले होते. मुलांच्या माना आणि टाचा एकत्र बांधून, नाकातून रक्त येईपर्यंत ठेवून, कबुल्या काढल्या जात आहेत असे त्याने त्यात कळवले. त्यांत त्याचा स्वतःचा मुलगाही होता. न्यायाधीशांना खरोखर सत्य हवे होते, यात शंका नाही. सत्य म्हणजे कबुली, असे मात्र त्यांनी धरून ठेवले होते.

एलिझाबेथ गॅस्केल या इंग्रज लेखिकेने १८५९ च्या सुमारास ‘लॉइस द विच’ ही दीर्घकथा लिहिली. तिची नायिका इंग्लंडहून सेलमला आलेली पोरकी मुलगी आहे. खोटी कबुली दिली तर जीव वाचेल हे ठाऊक असून ती देत नाही. आर्थर मिलरने १९५३ साली सेलमच्या खटल्यांवर ‘द क्रूसिबल’ हे नाटक लिहिले तेव्हा त्याच्यापुढे अमेरिकेतल्या मॅकार्थी काळातल्या कम्युनिस्टविरोधी चौकशा होत्या, ज्यांत कम्युनिस्ट मित्रांची नावे सांगणाऱ्यांची सुटका होई. मिलरच्या नाटकात इतिहासाची मोडतोड पुष्कळ आहे. चेटकाचा आरोप करणाऱ्या मुलींपैकी खरी अ‍ॅबिगेल अकरा-बारा वर्षांची होती, प्रॉक्टर साठीचा होता, आणि त्यांच्यातले प्रेमप्रकरण ही मिलरची रचना. मला ही मोडतोड खटकते. एका लहान मुलीला मोहिनी बनवून सगळ्या अनर्थाचे मूळ तिच्या वासनेत शोधणे हा अन्यायच आहे. पण कबुलीच्या कागदावर सही करूनही ती मागे घेणारा प्रॉक्टर मिलरला बरोबर सापडला. आणि १९५६ साली संसदीय समितीने खुद्द मिलरला बोलावून नावे विचारली तेव्हा त्याने स्वतःबद्दल सांगितले, दुसऱ्या कुणाचे नाव घ्यायला मात्र नकार दिला. त्याला संसदेच्या अवमानाबद्दल दोषी ठरवले गेले. १९५८ साली तो निकाल फिरला. हेस्टरने चौथऱ्यावर दिलेले उत्तर शंभर वर्षांनी एका नाटककाराने समितीच्या टेबलासमोर दिले.

इथे प्युरिटनांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती सहसा सांगितली जात नाही. स्वतःविरुद्ध बोलायला लावू नका, ही मागणी इंग्लंडमध्ये मोठ्या धैर्याने मांडणाऱ्यांत हेच लोक होते. राजाच्या स्टार चेंबर न्यायालयात आरोपीला आधी शपथ घालत आणि मग त्याला काय विचारायचे ते विचारत. जॉन लिलबर्न या तरुण प्युरिटनाने १६३७ साली ती शपथ घ्यायला नकार दिला. १६३८ च्या एप्रिलमध्ये त्याला लंडनच्या रस्त्यांवरून फटके मारत नेले आणि खोड्यात उभे केले. तो तिथूनही बोलत राहिला. १६४१ साली संसदेने ते न्यायालयच रद्द केले. त्याच काळात विल्यम प्रिन या प्युरिटन लेखकाचे कान कापले गेले आणि राजद्रोही निंदक या अर्थाची दोन अक्षरे त्याच्या गालांवर डागली गेली. ती अक्षरे होती ‘एस’ आणि ‘एल’. हॉथॉर्नने आपल्या नायिकेला हेच आडनाव दिले आणि कादंबरीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरेही हीच आहेत. याला योगायोग म्हणायला माझे मन तयार नाही. ज्यांच्या अंगावर काल सत्तेने अक्षरे डागली होती, त्यांनीच सत्ता हाती आल्यावर दुसऱ्यांच्या अंगावर अक्षरे शिवली. छळ सोसलेला समाज आपोआप सहिष्णू होतो, ही समजूत इथे पार खोटी ठरते. क्वेकर मेरी डायरला बॉस्टनमध्ये १ जून १६६० रोजी फाशी दिली ती छळाला कंटाळून समुद्र ओलांडलेल्या माणसांनी. रॉजर विल्यम्ससारखा एखादाच असा निघाला ज्याने हद्दपारी सोसून, १६३६ साली प्रॉव्हिडन्स वसवून, तिथे श्रद्धेची सक्ती नको असा नियम खरोखर पाळला.

लिलबर्नच्या त्या नकारातून वाढत गेलेले तत्त्व इंग्रजी कायद्यात रुजले, १७९१ साली अमेरिकेच्या राज्यघटनेत पाचव्या दुरुस्तीने आले, आणि आपल्या घटनेच्या कलम २० (३) मध्येही आहे: आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात संमतीवाचून नार्को चाचणी, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग करता येणार नाही असे सांगितले ते याच कलमाच्या आधारे. माणसाच्या डोक्यात शिरून सत्य काढून घेण्याची वैद्यकीय युक्ती आणि चिलिंगवर्थची वैद्यकी यांत मला फार अंतर दिसत नाही. आपल्याकडे तरीही एखाद्या गाजलेल्या गुन्ह्यानंतर ‘नार्को करा’ ही मागणी चौकाचौकांतून होते, आणि ती करणारे लोक वाईट नसतात. एखाद्याच्या दारात जमाव जातो, त्याला कॅमेऱ्यासमोर माफी मागायला लावतो, ती चित्रफीत गावभर फिरवतो. त्याने खरोखर चूक केली होती की नाही हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो सोडवायला कायदा आहे. तोंड लपवू न देणे हा हॉथॉर्नने सांगितलेला अत्याचार मात्र दोन्ही वेळी घडलेलाच असतो. अशा चित्रफिती आपण एकमेकांना पाठवतो आणि मग वर्गात प्युरिटन किती कोत्या मनाचे होते हे शिकवतो. ‘ते तसे होते’ या वाक्यात ‘आपण तसे नाही’ हे गृहीत असते, आणि एवढ्या मोठ्या कादंबरीचा एवढाच उपयोग करणे मला मान्य नाही.

अर्थात हॉथॉर्नलाही सगळे दिसले असे नाही. त्याने प्युरिटनांचा गुन्हा गोऱ्या पापी माणसाच्या हृदयापाशी आणून ठेवला. १६३७ च्या पीक्वॉट युद्धात मिस्टिक येथे इंग्रज सैनिकांनी तटबंदी गावाला आग लावून शेकडो स्त्रीपुरुषांना आणि मुलांना मारले, उरलेल्यांतल्या कित्येकांना गुलाम केले. बायकोला मारू नये असे सांगणाऱ्या १६४१ च्या त्याच संहितेत गुलामगिरीला वाट करून देणारे कलमही आहे. ‘द स्कार्लेट लेटर’मध्ये मूलनिवासी लोक येतात ते गर्दीच्या कडेला, रंगीबेरंगी पोशाखात, पाहुण्यांसारखे. हेस्टरच्या छातीवरचे अक्षर आपल्याला दिसते. मिस्टिकच्या राखेवर त्या कादंबरीत एक परिच्छेदही नाही. अभिजात कथेतून एखादा समाज समजून घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवायला हवे. कथा ज्यावर प्रकाश टाकते ते लख्ख दिसते आणि त्यामुळेच बाकीचा अंधार जाणवत नाही.

या माणसांचा आपल्याशी काही संबंध आहे का? आहे, आणि तो बराच जवळचा आहे. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलममधल्या टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना परदेशी मिशनसाठी दीक्षा मिळाली. प्युरिटनांच्या वारसदार काँग्रिगेशनल चर्चचे हे लोक. त्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईला पोचले आणि अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात झाली. पुढे १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मिशनचे काम सुरू झाले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली तिथूनच निघाले. सिंथिया फरार या न्यू इंग्लंडहून आलेल्या बाईंची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी नगरला पाहिली आणि १८४८ साली पुण्यात स्वतःची शाळा काढली. सावित्रीबाईंचे अध्यापनाचे काही शिक्षणही फरारबाईंकडे झाले. पन्नास कुटुंबे असलेल्या प्रत्येक गावाने लिहायला-वाचायला शिकवणारा मास्तर ठेवलाच पाहिजे, असा कायदा मॅसॅच्युसेट्सने १६४७ साली केला होता. प्रत्येकाने, मुलीनेसुद्धा, बायबल स्वतः वाचले पाहिजे हा त्यामागचा आग्रह. धर्म ज्याच्या त्याला वाचता आला पाहिजे हे मानणारे आणि धर्म ज्याच्या त्याच्या मनात कसा आहे हे आम्हाला कळले पाहिजे असेही मानणारे, अशी ही एकच माणसे. त्यांच्यातल्या पहिल्या आग्रहाचे ऋण महाराष्ट्राच्या स्त्रीशिक्षणावर आहे. त्यांना आनंदाचे शत्रू म्हणून मोडीत काढणारा हे ऋणही विसरतो.

कबुलीला माझा विरोध नाही, सक्तीला आहे. सेलमच्या न्यायाधीशांपैकी सॅम्युएल स्यूअल १४ जानेवारी १६९७ रोजी बॉस्टनच्या चर्चमध्ये भर प्रार्थनेत उभा राहिला. त्याने लिहून दिलेला माफीनामा पाद्री सॅम्युएल विलर्ड यांनी वाचून दाखवला, आणि तो संपेपर्यंत स्यूअल उभाच होता. त्याला कुणी बोलावले नव्हते, कुणी धमकावले नव्हते. खटल्यातल्या बारा ज्यूरींनीही त्याच वर्षी लेखी क्षमा मागितली. तीन वर्षांनी स्यूअलने गुलामगिरीच्या विरोधात पुस्तिका छापली. त्याच प्युरिटन श्रद्धेतून, त्याच देवाच्या भीतीतून हे आले होते. त्याचा सहकारी जॉन हॅथॉर्न याने पश्चात्ताप व्यक्त केल्याची नोंद नाही. ते काम दीडशे वर्षांनी त्याच्या खापरपणतूने कादंबरी लिहून केले.

आपल्याकडे इंग्रजी साहित्याच्या पदवी-पदव्युत्तर वर्गांत ही कादंबरी अनेकदा नेमलेली असते. शिकवताना पाप, प्रायश्चित्त, प्रतीक, या खणांत ती बसवली जाते आणि ‘ए’ कशाचा, ‘ए’चे बदलते अर्थ, यावर दहा गुणांचा प्रश्न येतो. माझी मागणी साधी आहे. तिच्याबरोबर मेरी लेथमविषयीचे विन्थ्रॉपच्या रोजनिशीतले पान, १६४१ च्या संहितेतली दोन-चार कलमे आणि प्रॉक्टरचे तुरुंगातले पत्र वाचायला द्यावे. सगळे मिळून दहा पानेही होणार नाहीत. मग विद्यार्थ्यांना विचारावे की हेस्टरने नाव का सांगितले नाही, आणि तिने ते सांगायला हवे होते असे तुमच्यापैकी कुणाला वाटते का. ज्यांना वाटते त्यांनी आपली बाजू मोकळेपणाने मांडावी. ती बाजू दुबळी नाही: डिम्सडेल सात वर्षे आतल्या आत कुजत गेला तो तिच्या मौनामुळेही. पण उत्तर देण्याची सक्ती त्या तासाला कुणावर करू नये.